काचेवरचं कुंकू

मी एक जुना दिवा आहे, मित्रांनो. देवघरातला नव्हे आणि रस्त्यावरचाही नव्हे. बेंगळुरूच्या राजाजीनगरात, पहिल्या मजल्यावरच्या एका त्वचेच्या दवाखान्यात मी उभा असतो. मला चार चाकं आहेत, पोटावर एक पडदा आहे आणि जाड नळीच्या टोकाला हातात धरायची मूठ आहे. त्या मुठीच्या तोंडाशी एक चौकोनी काच बसवलेली आहे. माझा प्रकाश त्या काचेतून बाहेर पडतो. सगळे मला लेझर म्हणतात. खरं तर लेझर हा माझा चुलतभाऊ. त्याचा प्रकाश एकाच रंगाचा असतो आणि माझ्यात बरेच रंग मिसळलेले असतात. पण लोक एवढ्या खोलात जात नाहीत, आणि मीही ते मनावर घेत नाही.

मनावर घेतलेली गोष्ट वेगळीच आहे. तुम्हाला गोडगोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा. खाली जिन्याजवळ एक जुनी सायकल आहे, ती फार प्रेमळ आहे. मी मात्र रागावलेला आहे. डॉक्टर गुरुदत्त नावाच्या माणसावर मी सात महिने डूख धरून होतो. का, ते सांगण्यासाठीच आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथल्या कामगारांनी मला जोडलं, तपासलं, माझ्या प्रकाशाचा जोर मोजला आणि माझ्यासोबत एक जाडजूड पुस्तक दिलं. कुठल्या गालावर किती जोरानं प्रकाश टाकायचा, हे त्या पुस्तकात लिहिलेलं होतं. पुस्तकातल्या चित्रांमधले सगळे गाल गोरेपान होते. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी दुसरे गाल पाहिलेच नव्हते.

माझं काम काय, ते आधी समजून घ्या. काही मोठ्या माणसांच्या गालांवर, नाकावर आणि हनुवटीवर लाली येते आणि तिथेच मुक्काम ठोकते. त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुगून राहतात. ऊन लागलं, गरम चहा प्यायला, तिखट खाल्लं किंवा मन बिथरलं की चेहरा पेटतो. कुणाकुणाला पुटकुळ्याही येतात. या दुखण्याला रोझेशिया म्हणतात. गोऱ्या चेहऱ्यावर ते लांबून ओळखू येतं. आपल्याकडच्या सावळ्या चेहऱ्यांवर ते लपून बसतं. मग लोक म्हणतात ऊन लागलंय, मुरुमं आहेत, आणि औषधाच्या दुकानातून मिळेल ते मलम आणून चोळत बसतात. त्यानं दुखणं आणखी चिघळतं.

माझा प्रकाश त्वचेत शिरला की रक्त तो पिऊन घेतं. तो पिऊन ते तापतं आणि त्या फुगलेल्या वाहिन्या आतल्या आत मिटतात. पण खरी मेख पुढे आहे. त्वचेच्या सावळ्या रंगालाही माझा प्रकाश आवडतो. जोर जास्त झाला तर सावळी त्वचा तो वरच्यावर पिते आणि भाजते. म्हणजे ज्या जोरानं मला तिकडे चालवतात, त्याच जोरानं इथे चालवलं तर औषधाऐवजी चटका मिळायचा.

हे मला डॉक्टर अनुसूयाबाईंनी शिकवलं. हा दवाखाना त्यांचा. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूतलं, घरात मराठी बोलायचं पण त्या मराठीत कन्नड मुक्तपणे वावरायचं. मी लाकडी खोक्यातून बाहेर आलो त्या दिवशी त्यांनी माझं पुस्तक चाळलं, मिटलं आणि त्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हे पुस्तक त्यांच्याकडच्या गालांसाठी लिहिलंय रे बाबा. आपण स्वल्प स्वल्पनं जाऊ."

आणि खरोखरच त्या थोड्या थोड्यानं गेल्या. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याच्यावर माझा एकच झोत पडायचा, तोही कानाजवळ, जिथे चूक झालीच तर केसांनी झाकली जाईल. मग त्याला घरी पाठवायचं आणि महिनाभर थांबायचं. डाग उठला नाही तरच पुढचं काम. कुणी उन्हातून रापून आला असेल तर त्या त्याला सरळ परत पाठवायच्या. डोळ्यांवर झाकणं बसवल्याशिवाय माझी कळ दाबायची नाही, असा कडक नियम होता, कारण माझ्या प्रकाशाला डोळ्यांची दयामाया नाही.

माझी काच पुसायचं काम गंगव्वाकडे होतं. गंगव्वा बेळगावकडची. ती दवाखान्यात मदतनीस होती आणि कन्नड-मराठी दोन्ही घरच्यासारखी बोलायची. प्रत्येक माणसाच्या आधी आणि नंतर ती माझी काच मऊ कापडानं पुसायची. पुसून झाली की मूठ खिडकीकडे धरायची, एक डोळा मिटायची आणि काचेतून आरपार बघायची. खिडकीबाहेर एक नारळाचं झाड होतं. "झाड दिसतंय की," असं ती म्हणाली की काच स्वच्छ झाली असं समजायचं. झावळ्या धूसर दिसल्या तर पुन्हा पुसायची. मला त्या कापडाचा स्पर्श फार आवडायचा. जगात माझी एवढी काळजी दुसऱ्या कुणी घेतलेली नाही.

ते माझे सुखाचे दिवस होते. त्या दिवसांतला एक माणूस कायमचा माझ्या लक्षात आहे. रघुपती त्याचं नाव. वीस वर्षं तो एका हॉटेलात डोशाच्या तव्यापुढे उभा होता. तव्याच्या आचेनं त्याचं नाक आणि गाल सदा तांबूस काळपट दिसायचे. लोकांना वाटायचं, हा पितो. लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस हळूच त्याच्या तोंडाचा वास घ्यायचा. रघुपतीनं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. अनुसूयाबाईंनी त्याला आधीच सांगितलं, "पूर्ण जाणार नाही, रघुपतीअण्णा. निम्म्याहून जास्त उतरेल. आणि तव्यापुढे उभे राहाल तर हळूहळू परत येईल." पुटकुळ्यांसाठी त्यांनी मलम दिलं, कारण पुटकुळ्या हे माझ्या आवाक्यातलं काम नाही. महिन्या-महिन्याच्या अंतरानं चार बैठका झाल्या. शेवटच्या दिवशी रघुपतीनं आरशात बघितलं, खाली वाकला आणि माझ्या चाकाला हात लावून नमस्कार केला. पुढे दर वर्षी तो एकदा यायचा आणि येताना गंगव्वासाठी डोसे आणायचा. मी फार मोठा चमत्कार केला नव्हता. पण जेवढं कबूल केलं होतं तेवढं केलं होतं.

मग अनुसूयाबाईंचे गुडघे दुखायला लागले. जिना चढणं त्यांना जमेना. त्यांनी दवाखाना बहिणीच्या मुलाच्या हाती दिला. तोच हा गुरुदत्त. तो मुंबईत शिकून आला होता. बोलायला चटपटीत, कपडे झकपक, हातात सदानकदा मोबाइल. पहिल्याच आठवड्यात त्यानं जिन्यापाशी फलक लावला: 'एकाच बैठकीत लालीला निरोप!' तो फलक वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चार बैठकांत निम्मी लाली उतरवणारा दिवा, आणि हा माझ्या जिवावर असल्या थापा मारणार!

आणखी एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी टिपून ठेवली. उकाडा वाढला की गुरुदत्तचं स्वतःचं नाक लाल व्हायचं, आणि गालांवर बारीक तांबड्या रेषा नि पुटकुळ्या उमटायच्या. तो त्यावर गुपचूप पावडर लावायचा. माझं सगळं आयुष्य त्या एका रंगात गेलं आहे. मला कोण फसवणार?

आता आयुधपूजेकडे येतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बेंगळुरूत यंत्रांची पूजा होते. बसगाड्यांना, रिक्षांना, कारखान्यातल्या लेथना हार घालतात आणि चाकांखाली लिंबं ठेवतात. मलाही तो मान मिळायचा. माझ्या चार चाकांखाली चार लिंबं, अंगावर झेंडूची माळ आणि डोक्यावर कुंकवाचं एक बोट. अनुसूयाबाई पूजेआधी माझी मूठ कापडी खोळीत घालून ठेवायच्या, म्हणजे तिला काही लागणार नाही. वर्षातून एकदा देव व्हायला कुणाला आवडणार नाही? मी त्या दिवसाची वाट बघायचो.

त्या वर्षी पूजा गुरुदत्तनं केली. मोबाइल एका काठीवर उभा केला आणि चित्रफीत काढायला लागला. माझ्या डोक्यावरचं कुंकू त्याला मोबाइलमध्ये नीट दिसेना. त्यानं खोळ काढली, मूठ हातात घेतली, अंगठा तेलात कालवलेल्या कुंकवात बुडवला आणि थेट माझ्या काचेवर टेकवून वर ओढला. काचेवर कोयरीसारखा एक लाल पट्टा उमटला.

गंगव्वा दारातून म्हणाली, "काचेवर नको वो सर!"

"वन सेकंद अक्का, रील करतोय. मस्त दिसतंय."

"ते चिकटून बसतंय. मी पुसून टाकते की."

"मी पुसतो नंतर. तुम्ही तो प्रसाद वाटून या ना, आणि तशाच निघा. तुमची बस आहे ना?"

प्रसाद म्हणजे चुरमुरे आणि डाळं, इथे त्याला कडलेपुरी म्हणतात. गंगव्वा त्याच्या पुड्या घेऊन शेजारपाजारी गेली आणि तिथून दसऱ्यासाठी गावाकडच्या बसला. जाताना तिनं माझ्याकडे एकदा वळून पाहिलं. गुरुदत्तनं चित्रफीत सगळ्यांना बघायला मोबाइलवर टाकली, दिवे मालवले आणि घरी गेला. माझी काच तशीच राहिली. तीन दिवस ते तेल आणि कुंकू काचेवर वाळत होतं आणि मी काही करू शकत नव्हतो.

चौथ्या दिवशी सकाळी भार्गवी आली. ती जवळच्याच एका शाळेत शिक्षिका होती. तिचे गाल कायम लाल असायचे, त्यामुळे पहिलीतली मुलं तिला रोज विचारायची, "मिस, राग आलाय का?" नवी मुलं तर तिच्या जवळच यायची नाहीत. ती मुळात रागीट नव्हतीच. तिनं गुरुदत्तची ती चित्रफीत पाहिली, जिन्यावरचा फलक वाचला आणि मोठ्या आशेनं वर आली. शाळेच्या मैदानात मुलांचा सण साजरा करून तिचा चेहरा रापला होता. अनुसूयाबाई असत्या तर तिला लिंबू सरबत पाजून परत पाठवलं असतं.

गुरुदत्तनं तिला लगेच आडवं केलं. कानाजवळचा झोत नाही, महिन्याची वाट नाही. एकाच बैठकीत लाली घालवायची म्हणून त्यानं माझा जोर वाढवला. मुठीवर गार, बुळबुळीत जेल थापलं आणि काचेकडे एकदाही न बघता कळ दाबली.

मित्रांनो, मी ओरडू शकत असतो तर त्या दिवशी सगळं राजाजीनगर गोळा केलं असतं. माझा प्रकाश त्या कुंकवावर आदळला. कुंकू तापलं, करपलं आणि काचेला घट्ट बसलं. ती तापलेली काच भार्गवीच्या गालावर टेकली.

"डॉक्टर, चटका बसतोय!"

"थोडं सहन करा. नॉर्मल आहे."

"खूप भाजतंय, डॉक्टर."

"सौंदर्यासाठी एवढं चालतं हो," असं म्हणून तो हसला आणि पुढे गेला. अकरा वेळा त्यानं कळ दाबली. अकराव्या वेळी भार्गवीनं त्याचा हात धरून ढकलला तेव्हा तो थांबला. तिच्या डाव्या गालावर छोट्या छोट्या कोयऱ्या उमटल्या होत्या. काही पुसट, काही ठळक, पण आकार एकच. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते भाजणं माझ्याच अंगातून बाहेर पडलं होतं. त्याची मला आजही लाज वाटते.

आणि आता ऐका, तो माणूस काय म्हणाला. त्यानं गालावर गार पट्टी ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "मशीन जुनं झालंय. कधी कधी दगा देतं."

दगा! रघुपतीच्या नावावरचा डाग पुसणारा मी, आणि मी दगा देतो! त्या क्षणी मी मनाशी ठरवलं, याला सोडायचं नाही. याचं लाल नाक कधीतरी माझ्या काचेखाली येईल. त्या दिवशी मी माझा सगळा जोर एकवटून याला असा भाजेन की आयुधपूजा जन्मभर आठवेल.

दुपारी गंगव्वा गावाहून परतली. गुरुदत्तनं तिच्यापुढे एक कागद ठेवला. 'यंत्राची देखभाल माझ्याकडे होती. ती मी केली नाही. त्यामुळे झालेल्या इजेस मी जबाबदार आहे.' खाली सहीसाठी जागा सोडलेली होती. भार्गवीनं तक्रार केली तर दाखवायला त्याला तो कागद हवा होता. सही केली की गंगव्वाची नोकरी जाणार, आणि असा कागद मागे लागलेल्या बाईला दुसरा कुठलाही दवाखाना दारात उभं करणार नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

"मी सांगितलेलं की सर, काचेवर नको म्हणून," ती म्हणाली.

"कुणी ऐकलं ते? सोमवारपर्यंत विचार करा, अक्का."

ती माझ्यापाशी आली. तिनं मूठ उचलून खिडकीकडे धरली आणि एक डोळा मिटला. झाड दिसलं नाही. काचेवर तपकिरी कोयरी करपून बसली होती. तिनं कापड हातात घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं. "बस चुकली असती तरी चाललं असतं," ती स्वतःशीच पुटपुटली. "पुसूनच जायला पायजे होतं." चूक त्याची होती आणि झोप तिची उडाली होती. यामुळे माझा राग दुप्पट झाला.

मला अडगळीच्या खोलीत ढकललं गेलं. शेजारी एक मोडका वजनकाटा आणि जुनी कॅलेंडरं. माझ्या पोटावर चिकटपट्टी लावून 'खराब' असं लिहिलं. के. आर. पुरममधल्या एका ब्यूटी पार्लरला मला विकून टाकायचं ठरलं होतं. तिथे डॉक्टर नव्हते, कानाजवळच्या झोताची कुणाला माहिती नव्हती. मी तिथे आणखी किती गाल भाजले असते, कुणास ठाऊक. त्या अंधाऱ्या खोलीत मी दुसरं काहीच केलं नाही, फक्त गुरुदत्तचं नाक आठवत बसलो. माझ्या पोटात प्रत्येक झोताची नोंद असते, कुठल्या दिवशी, किती वाजता, किती जोरानं आणि कुठल्या डॉक्टरच्या गुप्त आकड्यानं मला चालू केलं. ते सगळं मी दातात धरून ठेवलं होतं. पण विचारायला कुणी आलं तर ना!

सोमवारी फत्तेसिंग आला. इथल्याच शिवाजीनगरच्या एका गल्लीत त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे, दवाखान्यांची यंत्रं तो दुरुस्त करतो. माझ्या मुठीतला दिवा तोच बदलत आला आहे. गुरुदत्तनं त्याला बोलावलं होतं ते एवढ्यासाठीच, की मशीन खराब आहे असं त्यानं लिहून द्यावं. त्याच वेळी भार्गवी गाल दाखवायला आली होती. आणि काठी टेकत टेकत, प्रत्येक पायरीला थांबत, अनुसूयाबाईही वर आल्या. गंगव्वानं त्यांना फोन केला होता.

फत्तेसिंगनं मला चालू केलं, मोजायच्या यंत्रावर माझा झोत टाकला आणि मान हलवली. "अम्मा, दिवा सरी आहे. एकदम ठणठणीत. हा खराब आहे असं मी कसं लिहू?" मग त्यानं मूठ उलटी करून काच पाहिली. नखानं खरवडली. नखाला लागलेला तपकिरी चुरा हुंगला. "हे तर कुंकू आहे. तेलातलं कुंकू जळालंय. काचेला कुंकू कुणी लावलं?"

"मला काय माहीत?" गुरुदत्त म्हणाला. "पूजेच्या वेळी अक्कानं लावलं असेल."

गंगव्वाचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या हातात तो घडी घातलेला कागद होता.

भार्गवी पुढे आली. तिनं फत्तेसिंगच्या हातातली मूठ बघितली, मग स्वतःच्या गालाला हात लावला. काचेवर कोयरी, गालावर कोयऱ्या. "थांबा," ती म्हणाली. "मी तर ती चित्रफीत बघूनच इथे आले होते."

तिनं मोबाइल उघडला आणि सगळ्यांच्या मधोमध धरला. सनई वाजली. माझी झेंडूची माळ दिसली. मग गुरुदत्तचा अंगठा दिसला, लाल, तेलकट, माझ्या काचेवरून वर सरकणारा. आणि सनईच्या खालून गंगव्वाचा आवाज स्पष्ट ऐकू आला: "काचेवर नको वो सर!" त्यामागोमाग त्याचा: "मी पुसतो नंतर."

त्यानं स्वतःच जगाला दाखवायला टाकलेली चित्रफीत! मी इतके दिवस नोंदी दातात धरून बसलो होतो, आणि या शहाण्यानं पुरावा स्वतःच्या हातानं वाटला होता. फत्तेसिंगनं मग माझ्या पोटातल्या नोंदीही वाचून दाखवल्या. सकाळी दहा चाळीस, अकरा झोत, वाढवलेला जोर, गुरुदत्तचा गुप्त आकडा. गंगव्वा त्या वेळी गावाहून येणाऱ्या बसमध्ये होती. गुरुदत्तचं नाक लालभडक झालं. पावडर कुठल्या कुठे गेली. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

अनुसूयाबाईंनी गंगव्वाच्या हातातला कागद घेतला आणि फाडला. मग गुरुदत्तपुढे कोरा कागद ठेवला. "आता तू लिही, गुरू. काय केलंस ते सगळं. मिसचं समाधान होईपर्यंत लिही."

"मावशी, क्लिनिकचं नाव..."

"नाव माझं आहे. लिही."

त्यानं लिहिलं आणि भार्गवीच्या हातात दिलं. फलक त्याच दिवशी उतरला. गंगव्वा राहिली. मला पुन्हा माझ्या जागी आणलं गेलं आणि नवी काच बसली. भार्गवीचे डाग मात्र लगेच गेले नाहीत. आधी ते काळे पडले, मग महिन्या-महिन्यानं फिके होत गेले. एक कोयरी अजून आहे. आता मुलं तिला विचारतात, "मिस, हे काय लागलं?" ती त्यांना खरंखरं सांगते.

तुम्हाला वाटेल, एवढ्यावर माझा राग शमला असेल. छे! त्यानं कागदावर चूक कबूल केली होती, माझी माफी मागितली नव्हती. 'खराब' लिहिलेल्या चिकटपट्टीचा डिंक माझ्या पोटावर अजून होता. मी त्या नाकाची वाट बघत राहिलो.

सातव्या महिन्यात ते नाक आलं. मे महिना, बेंगळुरूतही ऊन तापलेलं. मलमांनी गुरुदत्तच्या पुटकुळ्या गेल्या होत्या, पण लाली आणि तांबड्या रेषा हटत नव्हत्या. "तुला रोझेशिया आहे, गुरू," त्याच्यासाठी काठी टेकत जिना चढून आलेल्या अनुसूयाबाई म्हणाल्या. "मी दोन वर्षांपासून बघतेय. तूच पावडर लावत बसलास." तो मुकाट्यानं माझ्यासमोर आडवा झाला. ज्या जागी भार्गवी होती, नेमक्या त्याच जागी.

माझ्या पोटात सगळा जोर जमा झाला होता. एक करपलेली काच असती आणि एक आकडा वर सरकला असता, तर! पण मी दिवा आहे, मित्रांनो. माझा जोर मी ठरवत नाही. मला हातात धरणारा माणूस ठरवतो. अनुसूयाबाईंनी जोराचा आकडा अगदी खाली आणला. गंगव्वानं कापड घेतलं आणि मला पुसायला लागली. एकदा, दोनदा, तीनदा. ज्या माणसानं तिला देशोधडीला लावायचं ठरवलं होतं त्याच्यासाठी! मी तिच्यावरही चिडलो.

तेवढ्यात गुरुदत्तनं मान उचलली. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"अक्का, काच पुसली ना?"

गंगव्वानं काही टोमणा मारला नाही. तिनं मूठ खिडकीकडे वळवून त्याच्या डोळ्यांसमोर धरली. "तुम्हीच बघा की सर. नारळाचं झाड दिसतंय काय?"

त्यानं एक डोळा मिटला आणि माझ्यातून आरपार पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "दिसतंय," तो म्हणाला.

मग त्याच्या डोळ्यांवर झाकणं बसली आणि माझा एकच झोत त्याच्या कानाजवळ पडला. तो दचकला.

"एवढंच?"

"एवढंच," अनुसूयाबाई म्हणाल्या. "महिन्यानं ये. डाग उठला नाही तर पुढचं बघू."

तो उठला, बूट घातले आणि जाता जाता माझ्या पोटावरचा तो जुना डिंक नखानं खरवडून काढला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचा चेहरा असा लाल होत असेल तर त्यांना हसू नका आणि दारुड्या किंवा रागीट म्हणू नका. त्यांना चांगल्या डॉक्टरांकडे न्या. माझ्यासारखा दिवा त्यांना मदत करू शकतो, पण सगळं घालवतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आधी एक ठिपका टाकायला सांगा. चटका बसला तर ओरडा, सहन करू नका. आणि काच पुसली का, हे विचारायला कधीही लाजू नका. यंत्राला कुंकू लावा, हार घाला, पण त्याची काच स्वच्छ ठेवा. आम्हाला पूजेपेक्षा ते कापड जास्त आवडतं.

माझ्या सुडाचं म्हणाल, तर तो अजून पुरा झालेला नाही. ठिपका ठीक निघाला तर गुरुदत्त महिन्यानं येईल, मग पुन्हा महिन्यानं, मग पुन्हा. प्रत्येक वेळी तो माझ्यासमोर आडवा होईल आणि बारीक आवाजात तोच प्रश्न विचारेल. अजून चार बैठका आहेत. मला मुळीच घाई नाही.